‘द डार्क साइड ऑफ द मून’ कोणत्याही चित्रपटासाठी रचलेला नाही: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ सालचा अल्बम म्हणजे ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या १९३९ सालच्या हॉलिवूडपटासाठी गुपचूप बेतलेले पार्श्वसंगीत आहे, असा दावा गेली जवळपास तीस वर्षे फिरतो आहे आणि आता तो मराठी वाचकांच्या मोबाइलवरही अधूनमधून येऊन पोहोचतो. दाव्यासोबत कृतीही दिलेली असते. चित्रपटाचा आवाज बंद करावा, सुरुवातीला निर्मितीसंस्था एमजीएमचा सिंह तिसऱ्यांदा गर्जला की अल्बम सुरू करावा आणि नुसते पाहत राहावे. मग चक्रीवादळ येते तेव्हा ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला स्त्रीस्वराचा आक्रोश ऐकू येतो, चित्रपटाची नायिका डोरोथी घराचे दार उघडून रंगीत ऑझनगरीत पाऊल टाकते त्याच सुमारास ‘मनी’चा गल्ला खणखणतो, काकभगोडा, म्हणजे बुजगावणे, नाचू लागतो तेव्हा गवतावरच्या वेड्याचे गाणे सुरू होते, आणि डोरोथी पत्र्याच्या माणसाच्या छातीला कान लावते तेव्हा अल्बमच्या शेवटचे हृदयाचे ठोके पडत असतात. मुखपृष्ठावरचे इंद्रधनुषी रंग हा उघड इशारा आहे, बँडने आधी चित्रपटांना संगीत दिलेच होते, बँड नाकारतो हीच त्याची कबुली आहे, इतके योगायोग एकत्र येत नसतात, आणि अल्बम एवढा खपला तो या रहस्यामुळेच, अशी पुस्ती त्याला जोडलेली असते.

चित्रपट आणि अल्बम एकत्र लावून पाहण्यात कुणाला गंमत वाटत असेल तर त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती ‘बँडने हे ठरवून केले’ या विधानाला. हा अल्बम कसा घडला याची माहिती विलक्षण तपशिलाने उपलब्ध आहे, आणि ज्या ज्या क्षणाकडे बोट दाखवून ‘बघा, जुळले’ म्हटले जाते, त्या जवळपास प्रत्येक क्षणामागे कुणा ना कुणा माणसाचे ठाऊक असलेले, नाव घेऊन सांगता येईल असे काम आहे. दावा मान्य करायचा तर ते सगळे काम पुसून टाकावे लागते, आणि ते होऊ नये असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आधी रचनेचा कालक्रम पाहू, कारण दाव्याचा पाया तिथेच खचतो. १९७१ च्या अखेरीस बँडचा ड्रमवादक निक मेसन याच्या लंडनमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून चौघांनी पुढच्या कामाचा विचार केला, आणि माणसाला वेडाच्या कडेपर्यंत नेणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे काळ, पैसा, सततचा प्रवास, मृत्यू यांवर एक सलग रचना करावी ही कल्पना बासगिटारवादक रॉजर वॉटर्सने मांडली. ती रचना त्यांनी स्टुडिओत नेली नाही. थेट रंगमंचावर नेली. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटनमध्ये तिचा पहिला प्रयोग लागला आणि ‘मनी’च्या मध्येच यंत्रणा बिघडल्यामुळे तो अर्धवट थांबवावा लागला. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ती पत्रकारांसमोर सादर झाली. अल्बम बाजारात येण्याआधी वर्षभर बँड ही रचना ब्रिटन, अमेरिका, जपान आणि युरोपमध्ये वाजवत होता, आणि त्या कार्यक्रमांची श्रोत्यांनी चोरून केलेली ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात.

ती ऐकली की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे गाण्यांचा क्रम आणि आशय बराचसा तेव्हाच ठरलेला होता. दुसरी, आणि या वादात निर्णायक, म्हणजे गाण्यांची लांबी व रूप मात्र ठरलेले नव्हते. आज ‘ऑन द रन’ म्हणून ऐकू येणारा गरगरता सिंथेसायझर त्या वेळी नव्हताच. त्याच्या जागी गिटार आणि कीबोर्ड यांची मोकळी, रात्रीगणिक बदलणारी जुगलबंदी होती. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याचे ऑर्गनवादन आणि त्यावर बायबलमधल्या उताऱ्यांच्या वाचनाच्या टेप होत्या. चित्रपटातल्या प्रसंगाशी संगीत जुळवायचे तर सेकंदाचा हिशेब लागतो. ज्या रचनेतला एक अख्खा भाग वर्षभर दर रात्री वेगळ्या लांबीचा वाजत होता आणि शेवटी काढून टाकून त्याजागी दुसराच बसवला गेला, ती रचना कोणत्याही चित्रपटाच्या मापाने कापलेली असू शकत नाही.

काही गाणी तर या संकल्पनेच्याही आधीची आहेत. ‘अस अँड देम’ची चाल राइटने १९६९ मध्ये मिकेलांजेलो अँतोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटातल्या हिंसाचाराच्या दृश्यासाठी पियानोवर बांधली होती. अँतोनिओनीने ती नाकारली, आणि दोनेक वर्षे पडून राहिलेल्या त्या चालीला वॉटर्सने शब्द दिले. म्हणजे अल्बममधले सर्वांत लांब, जवळपास आठ मिनिटांचे गाणे एका चित्रपटासाठी रचले गेले होते हे खरे, पण तो चित्रपट दुसराच होता. ‘ब्रेन डॅमेज’ हे काकभगोड्याशी जोडले जाणारे गाणे त्याआधीच्या ‘मेडल’ या अल्बमच्या कामाच्या वेळी, १९७१ मध्ये, आकाराला येऊ लागले होते. त्यातले ज्यावर चालण्याची मनाई आहे असे गवत केंब्रिजचे आहे, किंग्ज कॉलेजच्या चॅपलपासून कॅम नदीपर्यंत पसरलेल्या हिरवळीचे, हे वॉटर्सने स्वतः सांगितले आहे. आणि वेड्याची प्रतिमा आली ती बँडचा संस्थापक गायक सिड बॅरेट याच्यामुळे, ज्याचे मानसिक संतुलन ढासळताना या मित्रांनी जवळून पाहिले होते. वॉटर्स आणि बॅरेट केंब्रिजचेच. बालपणीच्या मित्राला हरवण्याचे हे दुःख नाचणाऱ्या बुजगावण्याचे पार्श्वसंगीत म्हणून वाचले जाते, तेव्हा त्या गाण्यातली सगळी वेदनाच वाया जाते.

आता दाव्यातल्या सर्वांत गाजलेल्या क्षणाकडे वळू. चित्रपटाच्या सुरुवातीचा कॅन्ससमधला भाग तपकिरी छटेत आहे. सुमारे एकोणीस-वीस मिनिटांनी डोरोथी दार उघडते आणि पडदा रंगीत होतो. त्याच सुमारास ‘मनी’ सुरू होते, ही जुळणी प्रथमदर्शनी खरोखर थक्क करणारी आहे. परंतु १९७३ मध्ये हा अल्बम तबकडीवर निघाला होता, आणि तबकडीला दोन बाजू असतात. पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ने संपते आणि ‘मनी’ हे दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे आहे. त्या दोहोंच्या मध्ये श्रोत्याने उठायचे, सुई उचलून ठेवायची, तबकडी उलटायची, कदाचित तिच्यावरची धूळ पुसायची आणि सुई पुन्हा टेकवायची, असा एक विराम होता. कुणाला त्यासाठी दहा सेकंद लागत, कुणाला अर्धा मिनिट, आणि कुणी मध्येच चहा टाकून येई. बँडने ‘मनी’ दुसऱ्या बाजूच्या आरंभी ठेवले ते हा विराम गृहीत धरून. आज ही जुळणी दाखवली जाते ती सीडीवर किंवा संगणकावर दोन्ही बाजू लागोपाठ वाजवून. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये आणि हा अल्बम तिच्यावर आला तो त्यानंतर. ज्या जुळणीसाठी लागणारे माध्यमच दहा वर्षांनी जन्माला यायचे होते, ती जुळणी १९७२ मध्ये कुणी योजली असे म्हणता येणार नाही.

दार उघडण्याच्या या क्षणाला आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेलेले दिसते. चित्रपट थिएटरमध्ये सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालतो. अमेरिकेतल्या दूरदर्शन आणि व्हिडिओ पद्धतीत काही चौकटी पुनरावृत्त करून मूळ कालावधी जवळपास तसाच राखला जाई, मात्र ब्रिटन व युरोपच्या पद्धतीत तोच चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी, म्हणजे चार टक्के अधिक वेगाने, दाखवला जाई. अल्बमचा वेग दोन्हीकडे सारखाच. परिणामी एकोणीस मिनिटांच्या पहिल्या बाजूअखेर दोन्ही ठिकाणच्या चित्रांत पाऊण मिनिटाचा फरक पडतो, आणि अल्बम संपेपर्यंत तो पावणेदोन मिनिटांच्या आसपास जातो. बोस्टनमधल्या व्हिडिओ टेपवर जुळलेले दार लंडनच्या टेपवर जुळत नाही. बँड लंडनचा होता.

शिवाय स्टुडिओतल्या सोयींचाही विचार करायला हवा. मे १९७२ ते फेब्रुवारी १९७३ या काळात, दौऱ्यांतून सवड मिळेल तसतसे, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत हे काम झाले. त्या काळी घरोघरी व्हिडिओ यंत्रे नव्हती. व्हीएचएस जपानमध्ये आले तेच १९७६ मध्ये. चित्रपट पडद्यावर चालवून त्याबरोबर संगीत मुद्रित करण्याची व्यवस्था ॲबी रोडमध्ये झाली ती १९८० साली. म्हणजे ऑझची रिळे आणि प्रक्षेपक मागवून, महिनोन्‌महिने ती मागेपुढे फिरवत, आणि स्टुडिओच्या कर्मचाऱ्यांपैकी एकालाही सुगावा लागू न देता हे काम झाले असे मानावे लागेल. ध्वनिमुद्रणाचे अभियंते ॲलन पार्सन्स यांनी स्पष्ट सांगितले आहे की त्या चित्रपटाचा विषय तिथे कधी निघालाच नाही, आणि व्हिडिओ दाखवण्याची सोयही त्या खोलीत नव्हती.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’ची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण चक्रीवादळाच्या जुळणीवर दावेदारांचा फार भर असतो आणि या गाण्यामागच्या स्त्रीवर त्यामुळे होणारा अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो. जानेवारी १९७३ पर्यंत या सुरावटीवर गाणाऱ्या आवाजाची योजनाच झालेली नव्हती. ऐनवेळी पार्सन्स यांनी क्लेअर टोरी या पंचविशीतल्या गायिकेचे नाव सुचवले, आणि एका रविवारी संध्याकाळी ती ॲबी रोडला आली. गाण्याला शब्द नव्हते. मृत्यूविषयीचे काहीतरी आहे एवढीच मोघम कल्पना तिला दिली गेली. पहिल्या प्रयत्नात तिने ‘ऊ बेबी’ वगैरे घालून पाहिले, तसे नको असे तिला सांगण्यात आले, तेव्हा आपला आवाज हेच एक वाद्य आहे असे समजून ती गायली. दोन पूर्ण प्रयत्न झाले आणि तिसरा तिने मध्येच थांबवला, कारण आता आपण तेच तेच करू लागलो आहोत असे तिला वाटले. या प्रयत्नांतले तुकडे जोडून आज ऐकू येते ते गायन तयार झाले. तिला ३० पौंड मिळाले. आपले गाणे वापरले गेले हे तिला कळले ते अल्बम दुकानात पाहिल्यावर. पुढे २००४ मध्ये तिने सहरचनाकार म्हणून आपला हक्क सांगत न्यायालयात धाव घेतली, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून या रचनेच्या श्रेयात राइटच्या जोडीने टोरीचेही नाव छापले जाते. आता विचार करावा: वादळाच्या दृश्यासाठी आक्रोश हवा हे वर्षभर आधी ठरलेले असते, तर काम संपत आले तरी गायिका ठरलेली नव्हती, ती काय गाणार हे ठाऊक नव्हते आणि तिला दृश्याविषयी एक शब्दही सांगितला गेला नाही, हे कसे? ते चढउतार वाऱ्याचे नाहीत. ते एका गायिकेच्या, त्या संध्याकाळच्या, स्वतःच्या कल्पनाशक्तीचे आहेत.

‘मनी’च्या सुरुवातीचा खणखणाटही असाच हाताने घडवलेला आहे. नाण्यांचा आवाज, कागद टरकावल्याचा आवाज, गल्ल्याची घंटा असे सात आवाज वॉटर्स आणि मेसन यांनी जमवले. मेसनने जुन्या पेन्यांना भोके पाडून त्या दोऱ्यात ओवल्या होत्या. वॉटर्सने आपल्या कुंभारकाम करणाऱ्या पत्नीच्या कामाच्या जागी एका मोठ्या वाडग्यात नाणी टाकून आवाज घेतला. मग प्रत्येक आवाज असलेली टेप पट्टीने मोजून सारख्या लांबीची कापली, तुकडे एकापुढे एक चिकटवले, दोन टोके जोडून त्याचे कडे केले आणि ते कडे मायक्रोफोनच्या दांड्याभोवतून ताणून यंत्रावर फिरवत ठेवले. सात तुकडे म्हणजे सात मात्रा. गाण्याचा ताल सात मात्रांचा आहे तो असा. रूपक तालाची सवय असलेल्या आपल्या कानाला सात मात्रांचे नवल वाटणार नाही, पण चार मात्रांत रमणाऱ्या रॉक संगीतात हा ताल घेऊन गाणे अमेरिकेत पहिल्या वीसांत जाणे ही असाधारण गोष्ट होती. डेव्हिड गिल्मरची गिटार रंगात येते तिथे ताल चारवर उतरतो आणि नंतर पुन्हा सातवर चढतो. या सगळ्याचे कारण गाण्याच्या आतच सापडते. पडद्यावर कोण दार उघडते आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

हृदयाच्या ठोक्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते बासड्रमवर वाजवलेले आहेत आणि अल्बमच्या शेवटीच नव्हे, तर अगदी सुरुवातीलाही आहेत. जन्म ते मृत्यू असा रचनेचा परीघ पूर्ण करण्यासाठी ते दोन्ही टोकांना ठेवले गेले. पत्र्याच्या माणसाशी ते जोडायचे तर सुरुवातीचे ठोके कशासाठी आहेत हे सांगता आले पाहिजे, आणि त्या वेळी पडद्यावर नुसती नामावली चालू असते.

मुखपृष्ठाचा मुद्दा घेऊ. लोलकातून जाणारा प्रकाशकिरण आणि त्यातून फाकलेले रंग हे चित्र हिप्नोसिस या संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्रे पॉवेल यांची कल्पना. ते जॉर्ज हार्डी यांनी रेखाटले. या वेळी छायाचित्र नको, काहीतरी नेटके, रेखीव आणि भारदस्त हवे अशी मागणी राइटची होती. लोलकाची आकृती भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून सुचली, आणि बँडच्या कार्यक्रमांतल्या भव्य प्रकाशयोजनेशी तिचा मेळ होता. बँडपुढे अनेक चित्रे ठेवली गेली आणि चौघांनी क्षणार्धात एकमुखाने हेच निवडले. म्हणजे चित्र निवडीसाठी समोर आले तेव्हा संगीताचे काम होत आलेले होते आणि चित्र काढणाऱ्यांनी बाकीचे पर्यायही तितक्याच तयारीने आणले होते. ठरवून द्यायचा इशारा असा निवडीवर सोडला जात नाही. जाता जाता हेही सांगायला हवे की या पट्ट्यात रंग सहाच आहेत, सात नाहीत. रंगांचा तोच पट्टा आतल्या पानांवरून हृदयाच्या आलेखासारखा उसळी घेत पुढे जातो, ही वॉटर्सची सूचना होती, आणि तिचा संदर्भ अल्बममधल्याच ठोक्यांशी आहे.

बँडने आधी चित्रपटांना संगीत दिले होते हे विधान मात्र पूर्णपणे खरे आहे, आणि तेच दाव्याच्या सर्वाधिक विरोधात जाते. १९६९ मध्ये ‘मोअर’ आणि १९७२ मध्ये ‘ला व्हॅले’ या बार्बे श्रोडरच्या दोन चित्रपटांना पिंक फ्लॉइडने संगीत दिले. दुसऱ्यासाठी केलेले ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ हे काम तर ‘डार्क साइड’चे प्रयोग सुरू असतानाच, मध्ये फ्रान्सला जाऊन उरकले. तेव्हा त्यांनी काय केले? चित्रपटाची कच्ची प्रत पाहिली, स्टॉपवॉच घेऊन हव्या त्या प्रसंगांच्या वेळा टिपल्या, त्या वेळांच्या अंदाजाने संगीताचे तुकडे केले, आणि हे सगळे उघडपणे, दिग्दर्शकाच्या नावानिशी केले. चित्राला संगीत बसवण्याची रीत त्यांना नेमकी ठाऊक होती. या अल्बमबाबत त्यांनी ती वापरली नाही. उलट, अल्बम आल्यानंतर १९७४ पासूनच्या दौऱ्यांत त्यांनी रंगमंचामागे मोठा गोल पडदा लावला आणि या गाण्यांसोबत दाखवायच्या चित्रफिती मुद्दाम बनवून घेतल्या; ‘टाइम’साठी इयान एम्स यांनी केलेले उडत्या घड्याळांचे ॲनिमेशन त्यांतलेच. म्हणजे या अल्बमसाठी ठरवून जुळवलेला चित्रपट खरोखरच होता, फक्त तो ऑझ नव्हता. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सने वांद्रे-कुर्ला संकुलात संपूर्ण अल्बम सादर केला तेव्हा मुंबईकरांनाही गाण्यांसोबतची चित्रे पडद्यावर पाहायला मिळाली, आणि तीही त्याच परंपरेतली.

बँडचे नाकारणे हाच कबुलीजबाब, हा युक्तिवाद कशालाही लावता येतो आणि म्हणून कशालाच सिद्ध करत नाही. त्यातल्या त्यात मेसनचे १९९७ मधले उत्तर पुरावा म्हणून पुढे केले जाते, म्हणून त्याचा उल्लेख करतो. ऑझशी आमचा काडीचाही संबंध नाही, आम्ही सगळे ‘द साउंड ऑफ म्युझिक’वरून केले, असे तो एका मुलाखतीत म्हणाला. हा सरळसरळ विनोद आहे, आणि त्याचे पहिले वाक्य निःसंदिग्ध आहे.

आता खपाविषयी. या अल्बमने जगभरात साडेचार कोटींहून अधिक प्रतींचा टप्पा गाठला आहे. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो अव्वल स्थानी राहिला फक्त एक आठवडा, एप्रिल १९७३ मध्ये. ब्रिटनमध्ये तर तो दुसऱ्या क्रमांकापुढे गेला नाही. त्याचे यश शिखराच्या उंचीत नाही, टिकण्यात आहे: १९७३ ते १९८८ या काळात बिलबोर्डच्या पहिल्या दोनशेत त्याने ७४१ आठवडे काढले. आणि ऑझचा दावा छापील स्वरूपात आला ऑगस्ट १९९५ मध्ये, इंडियानातल्या फोर्ट वेनच्या एका वृत्तपत्रात. बोस्टनच्या एका रेडिओ निवेदकाने त्याची चर्चा देशभर नेली १९९७ मध्ये. आणि टर्नर क्लासिक मूव्हीज या वाहिनीने अल्बमसोबत पाहण्याची सोय करून चित्रपट दाखवला २००० मध्ये. ७४१ आठवड्यांची ती वाटचाल संपून सात वर्षे झाल्यावर जे रहस्य जन्मले, त्याने ती वाटचाल घडवली असे म्हणणे कॅलेंडरच्या विरोधात जाते. या खपाची कारणे शोधायची तर ध्वनिमुद्रणाचा दर्जा पाहावा, जो ऐकवून त्या काळचे स्टिरिओ विक्रेते आपली यंत्रे विकत. गाण्यांचे विषय पाहावेत, ज्यांना वयाची किंवा देशाची अट नाही. आणि बँडने रंगमंचावर केलेली वर्षभराची घासाघीस पाहावी.

उरतो तो शेवटचा मुद्दा, इतके योगायोग कसे. चित्रपटात दर काही सेकंदांनी दृश्य बदलते आणि कुणी चालते, वळते, पडते, हसते. अल्बममध्ये दर काही मिनिटांनी लय बदलते आणि मध्ये शेकडो लहान आवाज येतात. हे दोन प्रवाह शेजारी सोडले तर काही ठिकाणी ते एकत्र येणारच, आणि जुळवणी शोधायला बसलेले मन तेवढेच क्षण टिपते. कोणी न जुळलेल्या क्षणांची यादी करून पाठवत नाही. ‘अस अँड देम’च्या जवळपास आठ मिनिटांत, ‘एनी कलर यू लाइक’च्या साडेतीन मिनिटांत पडद्यावर काय जुळते, याबद्दल फिरत्या दाव्यात सहसा फारसे काही नसते. सिंहाची पहिली गर्जना की तिसरी, यावरही दावेदारांचे एकमत नाही. आणि सुरुवात काही सेकंदांनी सरकवली तरी ‘जुळणारे’ क्षण सापडतच राहतात, हीच या पद्धतीतली खोट आहे.

शिवाय अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा आहे आणि चित्रपट सुमारे १०२ मिनिटांचा. पत्र्याच्या माणसाशी अल्बम संपतो तेव्हा डोरोथी अजून पाचूनगरीत पोहोचलेलीही नसते. दावेदार सांगतात की तो पुन्हा पहिल्यापासून लावावा, आणि संपला की आणखी एकदा. या हिशेबाने तिसरी फेरी निम्म्यावर येण्याआधीच चित्रपट आटोपतो. म्हणजे ज्या रचनेचा शेवट रॉक संगीतातल्या अत्यंत विचारपूर्वक बांधलेल्या शेवटांपैकी एक मानला जातो, ‘ब्रेन डॅमेज’मधून ‘इक्लिप्स’मध्ये चढत जाणारा, ज्याच्यासाठी वॉटर्सने दौऱ्याच्या आरंभी मुद्दाम नवे गाणे लिहिले, तो शेवट चित्रपटाच्या मध्यावर वाया जातो, आणि चित्रपटाच्या शेवटाला, डोरोथी घरी परतून जागी होते तेव्हा, अल्बम पहिल्या बाजूच्या मध्यावरच कुठेतरी रेंगाळत असतो. चित्रपटासाठी संगीत करणारा कोणताही संगीतकार सर्वांत आधी ज्या दोन जागा जुळवील, त्यांतली एक ती अखेरची, आणि तीच इथे जुळत नाही.